फाट्यावरची अडीच मिनिटं

भर दुपारी सपना ग्रंथालयात आली आणि टेबलाच्या पलीकडे नुसतीच उभी राहिली. हातात पुस्तक नव्हतं. ज्योत्स्नाने ओळखलं, ही फिल्मसाठी आली आहे.

"मॅडम, दहा मिनिटं येता काय? म्युझिक अडलं हाय."

ज्योत्स्नाने तारखेचा शिक्का डबीत ठेवला. वर्ध्याच्या या कॉलेजात तिला ग्रंथपाल होऊन सोळा वर्षं झाली होती. पत्रकारिता विभागाची मुलं शेवटच्या वर्षाला एक लघुपट करतात, त्यासाठी गावभर कॅमेरा मिरवत फिरतात, एकमेकांशी भांडतात आणि मग निकालाच्या दिवशी गळ्यात गळे घालतात, हे सगळं ती दरवर्षी खिडकीतून बघत आली होती. त्यांच्या भानगडीत कधी पडली नव्हती. यंदा पडली, तीही आपल्याच तोंडाने. डिसेंबरात सपना म्हातारी शोधत हिंडत होती. पोराची वाट पाहणारी आई पाहिजे होती तिला, आणि नाटकातल्या बायका कॅमेरा दिसला की डोळ्यांत पाणी आणत होत्या. ज्योत्स्ना सहज बोलून गेली, "माझी आई करील की. अंगणवाडीत तीस वर्षं लांडगा तीच, शेळी तीच आणि पाऊसही तीच."

सुलोचनाबाईंनी केलं. समुद्रपूरच्या अलीकडे त्यांचं गाव, गावापासून दीड किलोमीटरवर फाटा आणि फाट्यावर एसटीचा पत्र्याचा थांबा. जानेवारीच्या एका रविवारी तिथे शूटिंग झालं. आणि फेब्रुवारीत एका सकाळी अंगण झाडता झाडता त्या गेल्या. खराटा हातातच होता, असं शेजारच्या मंदाबाईने सांगितलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सपना आणि तिचा एडिटर राकेश पांढरे कपडे घालून अगदी मागे बसले होते. बुद्धवंदना पाठ नव्हती, म्हणून नुसते हात जोडून.

त्यानंतर दोन महिन्यांत सपनाने तीनदा विचारलं, "मॅडम, आजीचा सीन पाहता काय?" तिन्ही वेळा ज्योत्स्ना म्हणाली, "बघू सावकाश."

आता सावकाशीला जागा उरली नव्हती. आज मंगळवार, आणि शनिवारी फिल्म जमा करायची होती.

"आमचं भांडण मिटून नाई राह्यलं," सपना म्हणाली. "राकेश म्हणते एक, मी म्हणते एक. आजीचा चेहरा तुम्हालेच समजते. तुम्ही सांगाल ते फायनल."

ज्योत्स्ना उठली.

संगणक कक्षात कूलर घोंघावत होता. राकेशने तिच्यासाठी खुर्ची पुसली, स्वतः स्टुलावर बसला. पडद्यावर फाटा दिसला. कॅमेरा रस्त्याच्या एका बाजूला होता, दुसऱ्या बाजूला थांब्याच्या कट्ट्यावर आई. हिरवट नऊवारी, खांद्यावर शाल, मांडीत सूप. सुपात तुरीच्या ओल्या शेंगा.

शेंगा पाहिल्या आणि ज्योत्स्नाचा हात टेबलाच्या कडेवर गेला.

त्या शेंगा कोणासाठी सोलल्या जात होत्या, हे त्या खोलीत तिला एकटीला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं. त्या रविवारी ती गावी जाणार होती. शूटिंग बघेन, रात्री राहीन, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत येईन असं तिनेच कळवलं होतं. शनिवारी संध्याकाळी फोन करून म्हणाली, "माय, कॉलेजात काम निघालं." काम नव्हतं. एक जाड कादंबरी अर्ध्यावर आली होती, नवरा मुलाला घेऊन नागपूरला गेला होता, घर शांत होतं, आणि तिला त्या शांततेत दिवसभर लोळून वाचायचं होतं. रविवारी संध्याकाळी आईचा फोन आला, साडेचारच्या गाडीने दाणे पाठवले आहेत, स्टँडवरून घेऊन ये. शेवटची शंभर पानं उरली होती. ज्योत्स्ना दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. चौकशीच्या खिडकीतून बाईने थैली काढून दिली. दाण्यांना पाणी सुटलं होतं, आंबूस वास येत होता. तिने ते कचऱ्यात टाकले आणि आईला फोनवर सांगितलं, "छान होते. उसळ केली."

अपराध एवढासाच. पुढे सव्वीस जानेवारीला ती गावी जाऊन दोन दिवस राहूनही आली होती, मायलेकी हसल्या-बोलल्या होत्या. पण माणूस गेल्यावर मोठ्या गोष्टी आपापल्या जागी जाऊन बसतात आणि अशी एखादी बारकी गोष्ट पायात मोडलेल्या काट्यासारखी चालताना आठवण देत राहते.

"हे पहिलं," राकेश म्हणाला. त्याने फायलींना नावंच दिली होती: रडकं, हलकं, मधलं. पहिलं रडकं.

बासरी सुरू झाली. आईने रस्त्याकडे पाहिलं. बासरी लांबली. गाडी आली, थांब्यापुढे उभी राहिली, तिच्याआड आई दिसेनाशी झाली. गाडी गेली. आई तिथेच बसलेली. कोणी उतरलं नव्हतं. मग ती नुसतीच बसून राहिली, आणि बासरी तिच्याभोवती फिरत, चढत, कोसळत राहिली. सगळा सीन अडीच मिनिटांचा होता. ज्योत्स्नाला वाटलं, कोणीतरी तिचं नाव घेऊन चारचौघांत बोट दाखवतं आहे.

"पूर्ण हॉल रडते, मॅडम," राकेश म्हणाला. "होस्टेलच्या पोरांले दाखवलं. ते धनंजय, जो कोनाच्या बापाले भेत नाई, तो बाथरूममधी जाऊन बसला."

"दुसरं लाव."

दुसऱ्यात गिटारची तार टिचक्या मारल्यासारखी वाजत होती. तीच आई, तेच पाहणं. आता तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी लपल्यासारखं दिसलं, जणू पोरगं झाडामागे लपलंय हे तिला कळलंय आणि ती न कळल्यासारखं करते आहे. ज्योत्स्नाचा श्वास मोकळा झाला.

तिसरं तिने लावूच दिलं नाही.

"हेच," ती म्हणाली. पुस्तकाचा नंबर सांगावा तशा आवाजात. "आई अशीच होती. ती तिथे दुःखी नव्हती. मिश्कील स्वभाव होता तिचा."

सपनाने राकेशकडे विजयाने पाहिलं. राकेश पुटपुटला, "ठीक हाय. तुम्ही पोरगी हाय त्यायची, आम्ही काय बोलनार."

त्या रात्री ज्योत्स्नाला झोप चांगली लागली. आई मिश्कील होती हे खोटं थोडंच होतं? लांडग्याचं सोंग घेतलेली आई शेळीच्या पिलांना घाबरवताना मधेच स्वतःच फिसकन हसायची, हे गावातल्या दोन पिढ्यांना माहीत होतं.

गुरुवारी सपना परत आली. या वेळी ती टेबलापाशी थांबली नाही, आत येऊन मासिकांच्या मांडणीशेजारी, कोणाला दिसणार नाही अशी उभी राहिली.

"काय झालं?"

"वर्गात दाखवली, मॅडम. सरांनी सांगितलं होतं, जमा करण्याआधी एकदा पोरांसमोर लावा." ती नखाने मासिकाची कडा सोलत होती. "पोरं हसली."

"कुठे?"

"आजी गाडी गेल्यावर पाहत बसतात ना, तिथं. ते म्युझिक टिंग टिंग करते आणि आजी पाहतात. मागून कोनीतरी म्हनलं, म्हातारी चळली वाटते. मंग सगळेच. मी लाईट लावून टाकला."

दोन मुली पुस्तक बदलायला आल्या, ज्योत्स्नाने त्यांची कार्डं पाहिली, शिक्के मारले. त्या गेल्यावरही ती शिक्का हातात धरून उभी होती. आई एसटीच्या थांब्यावर बसली होती आणि पस्तीस पोरं तिला हसली होती. पोरांचा दोष नव्हता. आई हसण्यासारखी आहे, असं त्यांना कोणीतरी गिटार वाजवून सांगितलं होतं. ते कोणी, हेही ज्योत्स्नाला नीट माहीत होतं.

"त्या दिवशीचा मूळ आवाज आहे का?" तिने विचारलं. "संगीताशिवायचा?"

"असन. राकेशजवळ. पन त्यात गाडीचाच आवाज हाय म्हने तो. त्यानं बंद करून टाकला."

ग्रंथालय पाच वाजता बंद झालं आणि दोघी संगणक कक्षात गेल्या. तिथे राकेश एकटाच होता, दुसऱ्या कोणाची तरी फिल्म कापत होता. मूळ आवाज म्हटल्यावर त्याचा माऊसवरचा हात थांबला.

"त्यात काई नाई, मॅडम. इंजिनचा गोंगाट. कामाचा नाई."

"असू दे. ऐकव."

"कायले उगाच?"

"राकेश," सपना म्हणाली, "लावून दे ना बे. काऊन एवढा भाव खाऊन राह्यला?"

राकेशने मान खाली घातली. "मी थांब्याच्या मागं रेकॉर्डर घेऊन बसलोतो," तो म्हणाला. "आजी बोलल्या त्याच्यात. म्हनून बंद केला. तुम्हाले कशाले त्रास, असं वाटलं."

"लाव."

त्याने आवाजाची पट्टी वर केली. पडद्यावर तोच फाटा. पण आता शेंगा फुटण्याचा आवाज होता, बारीक, टप टप, आणि त्यामागे दूर कुठेतरी चालू असलेला मोटारपंप. मग राकेशचं दबकं बोलणं.

"आजी, गाडी येतेच आता. पोराची वाट पाहून राह्यल्या असं दाखवा."

"कोन्या पोराची? मले तं पोरगीच हाय."

आईचा आवाज. दोन महिन्यांनंतर, कूलरच्या घरघरीतून. सपनाने उठून कूलर बंद केला.

"सिनेमातला पोरगा, आजी."

"त्याले मी काई ओळखत नाई. पोरीचीच पाहतो. तसंही येनार होती ते आज."

"मंग काऊन नाई आल्या मॅडम?"

"काम निघालं म्हने कालेजात." टप. टप. "वाचत पडली असन. रविवारचं काम म्हनलं का समजून घ्याचं, पुस्तक अर्ध्यात हाय. शाळेत होती तवापासून तसंच. चुलीवर दूध ठेवून पुस्तक घे, अन् दूध उतू गेलं का मलेच म्हने, माय, तू लक्ष काऊन नाई ठेवलं?"

राकेशचं हसणं. मग त्याचा प्रश्न, "राग नाई येत तुम्हाले?"

"येते ना. काऊन नाई येनार? मानूस नाई काय मी?"

दुरून हॉर्न.

"हे पाय, आली गाडी. अरे पन हे तं वर्ध्याले चालली! वर्ध्याहून येनारा पोरगा हिच्यातून कसा उतरन रे? सांग तुया त्या डायरेक्टर बाईले."

सपनाचे कान लाल झाले. वर्ध्याहून येणारी गाडी त्या दिवशी पोरं पोहे खात असतानाच निघून गेली होती.

पडद्यावर गाडीने आईला झाकलं. आवाजात इंजिन धडधडत होतं, दार आपटलं, आणि त्यातून आई ओरडून बोलत होती: "ओ कंडक्टर भाऊ! एवढं वर्ध्याच्या स्टँडवर देजो. चौकशीत. ज्योत्स्ना म्हनून पोरगी येईन घ्याले. लवकर उतरवजो बापा, थैलीत दाने घामतात."

गाडी गेली. आई पुन्हा कट्ट्यावर. सूप रिकामं. रस्त्यापलीकडून कोणी कट म्हणालं नाही. आई बसून राहिली. ज्योत्स्ना पुढे झुकून पाहत होती. गाडी जिकडे गेली तिकडे आईची नजर होती. चेहऱ्यावर बासरीतलं दुःख नव्हतं. गिटारमधली गंमतही नव्हती. राग होता का? पाय दुखत होते का? घामतील त्या दाण्यांचा विचार होता, की चुलीवरच्या जुन्या दुधाचा? एक्केचाळीस वर्षं पाहिलेला चेहरा, आणि तिला तो वाचता येत नव्हता. शेवटी आई उठली, लुगड्यावरची टरफलं झटकली, सूप बगलेत मारलं आणि चौकटीबाहेर चालत गेली.

राकेशने थांबवलं. बाहेर कोणीतरी स्कूटी सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"मी तुम्हाला खोटं सांगितलं," ज्योत्स्ना म्हणाली.

दोघं तिच्याकडे पाहू लागली.

"मंगळवारी. आई तिथे खुशीत होती वगैरे. मला काही ठाऊक नव्हतं, मी तिथे नव्हतेच. बासरी लागली की मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, म्हणून मी दुसरं निवडलं. आई म्हणाली ते खरं आहे. मी वाचत पडले होते. आणि ते दाणे मी दुसऱ्या दिवशी आणले. आंबले होते. टाकून दिले."

राकेश माऊसची वायर बोटाला गुंडाळत होता.

"माई मायबी डबा पाठवते, मॅडम," तो म्हणाला. "हिंगनघाटच्या गाडीनं. एक डाव तं मी तीन दिवस गेलोच नाई घ्याले. चौकशीवाल्या बाईनं फोन करून शिव्या घातल्या, म्हने, तुया डब्याच्या वासानं कोनी तिकिटाचं विचारायले खिडकीशी येऊन नाई राह्यलं."

सपना हसली आणि लगेच ज्योत्स्नाकडे पाहून गप्प झाली. ज्योत्स्नाही हसली होती.

"मंग आता बासरी लावाची काय?" सपनाने विचारलं.

"नको. बासरी सगळं माहीत असल्यासारखी वाजते. मला नाही माहीत. तुला आहे?"

सपनाने पडद्यावरच्या रिकाम्या थांब्याकडे पाहिलं. "नाई."

"आईचं बोलणं ठेवायचं असेल तर माझी हरकत नाही."

सपनाने विचार केला. तेवढ्या वेळात ती विद्यार्थिनीपेक्षा मोठी दिसली. "नको, मॅडम. ते ठेवलं तं हे तुमच्या घरची गोष्ट होते. माया सिनेमात पोरगा हाय, तो येत नाई. आजीनं मले तेवढंच दिलं. शेंगांचा आवाज मात्र ठेवते. आणि शेवटी आजी उठून जातात, ते मी कापलं होतं, ते आता ठेवते."

"अन् म्युझिक?" राकेश म्हणाला. "म्युझिकचे दहा मार्क हाय. सर म्हनतात, काई ना काई पाह्यजेच."

राकेशने तिसरं, मधलं लावून पाहिलं. ते पाऊस नसताना छत्री धरून बसल्यासारखं वाटलं. मग आणखी दोन. सहा वाजले. शेवटी सपना वैतागून म्हणाली, "तूच वाजव ना काई. गावात वाजवते तं मोठा."

राकेश चमकला. "गप ना बे."

"मॅडम, हा पेटी वाजवते. भजन मंडळात. इथं कोनाले सांगत नाई, लाजते."

"लाजत गिजत नाई. इथं सगळे गिटारवाले, त्यात आपन कुठं..." तो ज्योत्स्नाकडे वळला. "अन् मॅडम, मले भजनाशिवाय काई येत नाई. ते आजीच्या सीनवर कसं चालन?"

"बरोबर. भजन नकोच," ज्योत्स्ना म्हणाली. तिला तिथून निघावंसं वाटत होतं आणि निघवत नव्हतं. "पण भजन नसतं तेव्हा पेटी काय करते?"

हा प्रश्न तिने उगाच, बोलायचं म्हणून विचारला होता. राकेशने मात्र तो मनावर घेतला. तो कपाळ आखडून विचार करू लागला.

"नसते तवा... म्हनजे सुरू व्हायच्या आधी वाजते ना. मंदिरात आम्ही दोघं-तिघंच येऊन बसतो. बाकीचे शेतातून येतात, आंघोळ-बिंघोळ करून. तोवर मी नुसता सूर धरून ठेवतो. तो काई वाजवनं नाई. त्याले नावबी नाई. रस्त्यावरच्या मानसाले ऐकू गेला पाह्यजे, का अजून सुरू झालं नाई, या. लहानूबुवा शेवटी येतात, म्हातारे हायेत, काठी टेकत. ते येईपर्यंत धराचाच. हात दुखून येतात कधी कधी."

सपना आणि ज्योत्स्ना एकाच वेळी त्याच्याकडे पाहत होत्या.

"काय झालं?" राकेश म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने गावाहून पेटी आणली. मोटारसायकलवर मागे दोरीने बांधून, चादरीत गुंडाळून, कॉलेजच्या मागच्या फाटकातून. संगणक कक्षाच्या खिडक्या लावल्या, पंखे बंद केले, दाराला सतरंजीची घडी टेकवली. खोलीत भट्टी पेटल्यासारखं झालं. राकेश जमिनीवर मांडी घालून बसला, पडदा समोर दिसेल असा. सपना रेकॉर्डर घेऊन त्याच्या शेजारी.

"कुठून धराचा?" त्याने विचारलं.

"गाडी गेल्यावर," सपना म्हणाली. "त्याआधी शेंगाच."

"अन् सोडाचा कवा?"

सपना अडली. "आजी उठतात तिथं?"

"पन कोनी आलंच नाई ना. मंडळात तं मानूस आल्यावर सोडतो."

दोघांनी ज्योत्स्नाकडे पाहिलं. ती दाराजवळच्या खुर्चीत बसली होती, पर्स मांडीवर घेऊन, कुठल्याही क्षणी उठून जाता येईल अशी.

"मॅडम, तुम्ही हात करा," सपना म्हणाली. "म्हनजे आमची मेहनत वाचली."

"मी? मंगळवारी मी काय केलं ते विसरलीस?"

"नाई विसरली. म्हनूनच म्हनते, आता नीट पाहून करा."

बोलण्यात टोमणा होता आणि नव्हताही. ज्योत्स्नाने पर्स खाली ठेवली, खुर्ची उचलून पडद्यासमोर आणली.

फाटा आला. शेंगा टपटपल्या. आईने रस्त्याकडे पाहिलं, गाडी आली, गाडीने तिला झाकलं. त्या झाकलेल्या पंधरा-वीस सेकंदांत आई काय करत होती हे आता खोलीतल्या तिघांना माहीत होतं. फिल्म बघायला हॉलमध्ये बसणाऱ्या कोणालाही ते कळणार नव्हतं. गाडी हलली. आई पुन्हा दिसली आणि राकेशने भाता ओढून सूर धरला.

एकच सूर, आणि त्याखाली दुसरा, त्याला टेकू दिल्यासारखा. त्यात चढउतार नव्हता. भाता पुढेमागे होताना तो किंचित फुगायचा, ओसरायचा, बस. आईचा चेहरा आता होता तेवढाच होता. कोणी त्याचा अर्थ सांगत नव्हतं. ती फक्त तिथे बसली होती, आणि कोणीतरी यायचं राहिलं होतं, आणि अजून वेळ होता. ज्योत्स्नाने आज पहिल्यांदा नजर न हटवता पाहिलं. आईच्या डाव्या कानातली कुडी उन्हात चमकत होती. शाल एका बाजूला घसरली होती. एक माशी आली, आईने हाताने वारली. राग येते ना, काऊन नाई येनार. ज्योत्स्नाला ते ऐकायला हवं होतं, हे तिला आता कळत होतं. तिच्यावर रागवायला अजून कोणीतरी आहे असं वाटत होतं.

आई उठली. टरफलं झटकली. सूप बगलेत. चार पावलं टाकून ती चौकटीबाहेर गेली.

राकेशने ज्योत्स्नाकडे पाहिलं. कपाळावरून घाम ओघळत होता, भात्यावरचा हात चालू होता. पडद्यावर रिकामा कट्टा, पत्रा, त्याखाली पडलेली हिरवी टरफलं आणि मागे तुरीचं शेत. सपनाही पाहत होती. ज्योत्स्नाचे हात मांडीवर होते.

सूर चालू राहिला. मोटारसायकलवर एक जोडपं रस्त्यावरून गेलं. एक बकरी आली, टरफलं हुंगू लागली. शूटिंगच्या दिवशी कॅमेरा बंद करायचं कोणाच्या तरी ध्यानात राहिलं नव्हतं, त्यामुळे हे सगळं त्यात आलं होतं. बकरीने एक टरफल खाल्लं, मग दुसरं. राकेशने हात बदलला, पण सूर तुटू दिला नाही.

बकरीचं खाऊन झालं आणि ती निघून गेली, तेव्हा ज्योत्स्नाने हात वर केला.

राकेशने भाता सोडला, पट्ट्यांवरची बोटं मात्र तशीच ठेवली. पेटीत उरलेली हवा होती तोवर सूर बारीक होत राहिला. मग तोही थांबला. सपनाने रेकॉर्डर लगेच बंद केला नाही.

"लांबलं ना?" ज्योत्स्ना म्हणाली.

"लांबलं," सपना म्हणाली. "बकरीपर्यंत ठेवाचं म्हनजे वेळ वाढते. दुसरीकडं कुठं कापीन मी."

राकेश मनगट चोळत होता. ज्योत्स्नाने उठून दाराची सतरंजी काढली, खिडक्या उघडल्या आणि पंख्याचं बटण दाबलं.

"अजून एकदा घ्या," ती म्हणाली. "शनिवार उद्या आहे. मी बसते."